एक मत जास्त

दातांच्या दवाखान्यात टेबलामागे बसून "पुढचे या" म्हणण्यात दहाएक वर्षं काढल्यावर आमच्या शेजारच्या वहिनींनी घरात जाहीर केलं, की आपण बी.एड. करणार आणि शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवणार. नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला, मुलखाचा शांत. "कर की," एवढंच म्हणाला. सासरे मात्र निवृत्त हेडक्लार्क.

"या वयात पोरांपुढे उभी राहणार तू?"

"बाबा, दाढ काढायला आलेल्या माणसांना मी गप्प बसवते. नववीची पोरं त्याहून अवघड नसतील."

होती. पहिल्याच सराव पाठात एका मुलाचं उत्तर संपलं आणि सवयीने वहिनींच्या तोंडून निघालं, "पुढचे या." अख्खी रांग उठून फळ्यापाशी येऊन उभी राहिली. मागच्या बाकावर बसून पाठ तपासणाऱ्या मार्गदर्शक मॅडमनी शेरा दिला : मुलांचा सहभाग चांगला, पण तो बसल्या जागी असावा.

पुढचा पाठ निवडणुकीचा. त्याची रंगीत तालीम घरीच झाली. टीव्हीचा रिमोट कोणाकडे राहणार, यासाठी सासरे विरुद्ध सासूबाई. सासऱ्यांना एकच मत पडलं, तेही स्वतःचं.

"फेरमोजणी करा," ते म्हणाले.

"बाबा, चारच तर चिठ्ठ्या आहेत."

"तरी करा."

या अनुभवाच्या जोरावर वहिनी वर्गात गेल्या. प्रश्न साधा ठेवला : खिडक्या उघड्या ठेवायच्या की बंद? दोन्ही बाजूंची भाषणं झाली, चिठ्ठ्या खोक्यात पडल्या. मोजायला घेतल्या, तर मुलांपेक्षा एक चिठ्ठी जास्त.

"बाई, बोगस मतदान झालंय," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली. वर्गात नुसता कल्ला. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवू लागला.

तेवढ्यात मागून मॅडम उठल्या. "ते मत माझं. मला वारा सोसत नाही, म्हणून मी 'बंद' लिहिलं."

"मॅडम, तुमचं नाव हजेरीत आहे का?" त्याच मुलीने विचारलं.

"नाही."

"मग?"

सगळा वर्ग वहिनींकडे बघू लागला. एकीकडे कायदा, दुसरीकडे गुण देणारा हात. वहिनी म्हणाल्या, "मॅडमचं मत बाद."

"पण बाई, त्यांची चिठ्ठी कुठली, ते कसं कळणार? मतदान गुप्त असतं. तुम्हीच शिकवलंत."

वहिनींनी सगळ्या चिठ्ठ्या गोळा करून फाडल्या. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. निवडणूक रद्द. पुन्हा मतदान."

ते होईपर्यंत मुलांनी मॅडमना अत्यंत नम्रपणे वर्गाबाहेर उभं केलं. उघड्या खिडक्या जिंकल्या. मॅडम कानांवरून पदर घेऊन परत आल्या आणि त्यांनी शेरा लिहिला : मतदार यादी आधी तयार ठेवावी. बाकी पाठ उत्तम.

वहिनींना पुढच्या वर्षी नोकरी लागली. परवा फळ्यावर त्यांच्याकडून एक सन चुकला आणि मुलांनी तो भर वर्गात दाखवून दिला. त्या दिवशी संध्याकाळी चहा पिताना त्या हेच सगळ्यांना सांगत होत्या, एखाद्या बक्षिसाची बातमी द्यावी तशा.