उंबऱ्याअलीकडची खोकी

माझे वडील धुळ्याकडून सुरतेला आले आणि कापड मार्केटात पार्सलं बांधू लागले. साड्या खोक्यात भरायच्या, टेप मारायची, वरून प्लास्टिकची पट्टी खेचायची. त्यांनी बांधलेलं खोकं बिहारात पोचलं तरी त्याचा कोपरा दबत नाही, असं शेठ सांगत. पुढे कंबरेनं दगा दिला आणि ते काम सुटलं. घरी बसून आबा फार गप्प झाले.

मी कतारगामच्या एका हॉस्पिटलात सिस्टर आहे. ऑपरेशनचं निर्जंतुक सामान ज्या स्टोअरमध्ये राहतं, ते माझ्याकडे. आमच्या माल उतरवायच्या खोलीत माणूस हवा होता, म्हणून मी आबांना विचारलं.

"वजन उचलावं लागेल का?" आईनंच आधी विचारलं.

"उचलायला दुसरे आहेत. यांनी खोकी फोडायची नि आतली पाकिटं काढून द्यायची."

आबा बऱ्याच दिवसांनी हसले. "जन्मभर बांधली, आता फोडतो."

पहिल्याच दिवशी हातमोज्यांचं एक कोरं करकरीत खोकं त्यांनी तसंच उचलून माझ्या दारापाशी आणलं. मी त्यांना थांबवलं. बाहेरून आलेलं खोकं आत येत नाही, फक्त आतली बंद पाकिटं स्वच्छ ट्रेमधून येतात, असं सांगितलं.

"खोकामा काय खराबी शे, माय?" ते अहिराणीत म्हणाले. घरी आम्ही तसंच बोलतो. त्यांना वाईट वाटलं होतं, ते कळत होतं.

मी म्हटलं, "आबा, हे कुठे कुठे पडून आलं असेल, ते तुम्हीच सांगा."

ते खोक्याकडे बघत राहिले. "ट्रकमध्ये. गोदामात, जमिनीवर. उंदरं फिरतात, झुरळं अंडी घालतात. दुपारी आम्ही यांच्यावरच झोपायचो." एवढं बोलून त्यांनी ते खोकं उचललं आणि मागे नेलं.

त्यानंतर मला त्यांना कधी काही सांगावं लागलं नाही. ते कटर अगदी वरवर चालवत, आतल्या पाकिटाला ओरखडा जाऊ देत नसत. हात धुवून पाकिटं ट्रेमध्ये लावत आणि दाराशी येऊन हाक मारत, "सिस्टर." सगळ्यांसमोर ते मला सिस्टरच म्हणत. घरी मात्र मी त्यांची माय.

मग आईच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन आमच्याच हॉस्पिटलात ठरलं. त्या सकाळी आबांना मी सुट्टी घ्या म्हटलं, पण ते कामावर आले. टेम्पो आला होता. एका खोक्याचा तळ ओलसर होता. ते त्यांनी न उघडता बाजूला ठेवलं, परत पाठवायला. बाकीची फोडली. ट्रे माझ्याकडे देताना ते थांबले.

"तुनी मायले यामधलंच लागी का?"

"यातलं किंवा आधीचं. सगळं सारखंच आहे, आबा."

"हं," म्हणाले. तरी ट्रे घेऊन परत आपल्या खोलीत गेले, पुन्हा हात धुतले, आणि ट्रेमधलं एकेक पाकीट उजेडात धरून पाहिलं. मी दारात उभी राहिले.

ऑपरेशन नीट पार पडलं. दुपारी आईला वॉर्डात आणलं, तेव्हा आबा घरी जाऊन आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आले होते. ते स्टुलावर बसले. आईनं अर्धवट डोळे उघडले. भूल पुरती उतरली नव्हती.

"मार्केटातून आलात?" तिनं विचारलं.

मी सांगणार होते, पण आबांनी मला हातानं थांबवलं.

"हो," ते म्हणाले.

"आज लवकर सोडलं?"

"आज माल कमी होता. झोप तू."

तिनं त्यांचा हात चाचपून धरला आणि डोळे मिटले.