मागच्या खोलीतल्या टाक्या

"नाव लेकीच्या लग्नाचं, अन् धंदा लढाईचा," माझ्यापुढं उभ्या असलेल्या बाईनं तिच्या पुढच्या बाईला सांगितलं. "घरात टाक्या भरून ठिवल्यात. एकेक इकायलाय."

"दुकानवाले अप्पा? तसं वाटत न्हाई बघून."

"बघून कुणाचं काय वाटतंय."

बीदरमधल्या गॅस एजन्सीसमोरची रांग होती. एजन्सीतल्या माणसाशी मी मघाशी इंग्रजीत बोलले होते, म्हणून मला मराठी येत नसावं असं त्या दोघींनी धरलं. दुकानवाले अप्पा म्हणजे माझे वडील. मी मोबाईलमध्ये बघत राहिले.

आखातातल्या युद्धानं जहाजं अडकली होती आणि आमच्याकडं गॅस येईनासा झाला होता. हवाई दलाची विमानं सरावाला उडाली की काचा थरथरतात, हे इथं लहानपणापासूनचं. पण त्या दिवसांत आवाज आला की सगळी रांग गप्प होऊन वर बघायची.

टाक्या आमच्या घरात होत्या, हे खरं. थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. आमच्या नात्यात लग्नघरी ज्यानं त्यानं आपली जादाची टाकी आणून द्यायची, आणि नंतर ती भरून परत करायची अशी पद्धत. युद्धाच्या आधीच त्या आल्या होत्या. ओळखू याव्यात म्हणून प्रत्येकानं कड्याला काहीतरी बांधलेलं. जवळच्याच मेहकर गावच्या आत्यानं तिच्या साडीचा हिरवा काठ बांधला होता. मागच्या खोलीत भिंतीला लागून सगळ्या उभ्या, वर आईच्या जुन्या साड्या टाकलेल्या. दार उघडलं की पदर घेतलेल्या बायका ओळीनं बसल्यासारख्या दिसायच्या. मी शक्यतो तिकडं न बघता कपाट उघडायची.

कुणी टाकी मागायला आलं की अप्पा हात जोडायचे. "लग्नाच्या हायत. इकायच्या न्हाईत."

रांगेतून मी रिकाम्या हातानं परतले तेव्हा भरदुपार होती. दुकानाचं शटर अर्धं खाली. आमच्या मागच्या दारातून बसस्टँडजवळच्या हॉटेलचा टेम्पो निघत होता आणि त्यात पोत्याखाली काहीतरी उभं होतं. मी मागच्या खोलीत गेले. ओळीच्या टोकाला एक जागा मोकळी होती. फरशीवर गंजाचं तांबडं वर्तुळ. शेजारी साडीची घडी, कडेला कड जुळवलेली, आणि तिच्यावर सोडून ठेवलेला हिरवा काठ. विकायच्या आधी अप्पांनी तो हळूच सोडला असणार. त्यांची बोटं ती गाठ सोडताना मला अजून दिसतात, मी बघितलेली नसताना.

अप्पा दारात आले. "केटररनं भाव वाढवलाय," म्हणाले. "बुकिंगची टाकी आली की तिथं ठिवू."

मी काही विचारलं नव्हतं. ते गेल्यावर फरशी घासली. वर्तुळ फिकं झालं, गेलं नाही.

पुढच्याच आठवड्यात आत्या मेहकरहून बसनं आली. डोळे लाल, कपड्यांना धुराचा वास. तिच्या घरचा गॅस संपला होता, आणि जादाची टाकी आमच्याकडं.

"चुलीवर करायलेय रे. डोळ्यांची आग व्हायलीय. माझी तेवढी दे, लग्नाला बघू काहीतरी."

"तुला दिली की सगळेच मागतील, अक्का," अप्पा म्हणाले. "लग्न होऊ दे."

तिनं मान हलवली. "व्हय, तेबी खरं. आधीच लोक काय काय बोलायलेत. बसमधी एक बाई म्हणत होती, त्यो काळा बाजार करायलाय. मी तिला म्हणलं, माझा भाऊ हाय त्यो, मला म्हायती हाय कसा हाय त्यो. सगळ्या बसमधी भांडले तिच्यासंगं."

अप्पांनी तिच्यापुढं चहाचा कप सरकवला. तिच्याकडं बघितलं नाही.

"अन् तू कामून गप्प गं?" आत्यानं मला विचारलं, हसत. "इंग्रजी शाळेत बोलायला शिकवत न्हाईत का?"

विमानं गेली. काचा थरथरल्या. आत्या पदरानं डोळे पुसत होती.

"आत्या," मी म्हणाले, "तुझी टाकी आता इथं नाही. अप्पांनी ती हॉटेलवाल्याला विकली."