मैदानाकडे पाठ

अकोट्याच्या मैदानावर मी रोज सकाळी चालायला जाते. तिथे मुलींचा फुटबॉलचा सराव असतो. त्यांचे जुने कोच निवृत्त झाले तरी यायचे आणि मैदानाकडे पाठ करून, डोळे मिटून भिंतीशी उभे राहायचे. त्या बाजूला आले की मी भराभर चालायचे.

नवा कोच तरुण होता. मुलींच्या पाठीवर यंत्रं बांधून तो टॅबवर आकडे बघायचा.

निवडीच्या सामन्याआधी जुने कोच डोळे न उघडताच म्हणाले, "सात नंबरला आज बसव. तिचा डावा पाय उशिरा टेकतोय."

"काका, मशीनमध्ये बधुं बराबर आहे, सगळे आकडे ठीक आहेत," तो हसला. "आज नाही खेळली तर तिचं अख्खं वर्ष जाईल."

"मशीनला पळणं कळतं रे. दुखणं लपवणारा पाय ऐकावा लागतो."

ते ऐकून मी चालायची थांबले आणि गेटपाशीच उभी राहिले.

ती खेळायला उतरली. थोड्या वेळाने ते अचानक भिंतीपासून निघाले, माझ्या शेजारून गेटबाहेर गेले आणि त्यांनी एक रिक्षा थांबवली.

"दवाखान्यात जायचंय," ते रिक्षावाल्याला म्हणाले. "मुलीचा गुडघा गेलाय."

मी वळून पाहिलं. सात नंबर अजून बॉल घेऊन पळत होती.