पहिला नंबर रिकामा आहे

गॅरेजमध्ये दोन गोष्टी न सांगता साठतात. एक जुने टायर, दुसरे किस्से. टायर निदान भंगारवाला उचलून नेतो. किस्से कोण नेणार? म्हणून तुमच्या गळ्यात मारतोय!

खाडीवरच्या भाट्याच्या पुलाअलीकडे सुहासचं रिक्षाचं गॅरेज. त्याला लागून माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान. आमच्यातला तिसरा इम्तियाज, जवळच्या राजिवड्याचा. तो सध्या कतारला बंदरात क्रेन चालवतो. तिघांना कॉलेजपासून एकच खूळ, रॅप! गॅरेजच्या शटरला आतून ऑइलपेंटनं यादी रंगवलीय, 'जगातले दहा बेस्ट रॅपर'. दोन ते दहा भरलेत. एक नंबर रिकामा.

कारण सुहास आणि मी न्यूयॉर्कवाल्या रॅपरच्या बाजूचे, इम्त्या कॅलिफोर्नियावाल्याच्या. गेला त्या दिवशी गाडीची काच खाली करून ओरडला, "माझ्या पाठी एक नंबर लिहिलात तर बघा!"

*

यादी शटरच्या आतल्या बाजूला, म्हणजे वाचायची तर शटर पाडावं लागतं. एकदा भर दुपारी आम्ही तिघं आत, शटर खाली, वाद रंगलेला. बाहेर एक रिक्षावाला बडवतोय. "अरे, आत कोण मेलं काय?"

इम्त्या आतून ओरडला, "थांबा चाचा, सहावा मरतोय!"

बिचारा रिक्षा तिथेच टाकून पळाला.

आणि चौथ्या नंबरावर इतक्यांदा रंग फासलाय, की शटर वर जाताना बरोबर तिथे अडकतं. सुहास तेल सोडतो. यादी खरवडायला मात्र तयार नाही.

*

सुहासचे वडील, आबा, शक्ती-तुऱ्याचे जुने शाहीर. दोन पार्ट्या समोरासमोर, गाण्यातून सवाल टाकायचा, गाण्यातूनच जवाब मागायचा, आणि वर एकमेकांची यथेच्छ उतरवायची. इम्त्यानं त्यांची अशी बारी पहिल्यांदा ऐकली आणि धावत जाऊन पायाच पडला. "आबा, हे तर आमचं बॅटल! तुम्ही लेजंड आहात!"

"लेजंड-बिजंड काय नाय. मी सुहासचा बापूस."

पण तेव्हापासून ते आमचे जज. एकदा वाद पेटला, की ज्या डीजेनं आयुष्यात एक ओळ गायली नाही, नुसत्या तबकड्या फिरवल्या, त्याला यादीत घ्यायचं का? मी म्हटलं, अजिबात नाही. आबा माझ्यावर असे उखडले! "मग आमचा ढोलकीवाला बारीला काय भजी खायला येतो?"

डीजे पाचवा आला.

*

यादीत बाई एकच होती, तीही नवव्या नंबरावर. सुहासची बायको वृषाली चहा घेऊन आली आणि शटरसमोर उभी राहिली. "एवढ्या सगळ्या बाप्यांच्या पाठी ही?"

सुहास समजवायला लागला. फ्लो बघावा लागतो, इन्फ्लुएन्स बघावा लागतो...

"बघा हां. उद्यापासून चहापण नवव्या नंबरानं येईल!"

संध्याकाळपर्यंत ताईसाहेब तिसऱ्या!

*

इम्त्या गेल्यावर सुहासला एकदा घाई सुटली. "दोन विरुद्ध एक आहोत, लिहून टाकू." ब्रशसुद्धा बुडवला. आबा टायरवर बसल्या बसल्या म्हणाले, "मेल्या, समोरची पार्टी हजर नसताना निकाल? ठेव तो ब्रश."

ब्रश डब्यातच वाळला.

*

शुक्रवारी इम्त्याला सुट्टी. व्हिडिओ कॉल येतो. घरचं विचारायच्या आधी "यादी दाखव." आम्ही शटर पाडतो, टॉर्च मारतो, तो एकेक नंबर वाचून शिव्या घालतो.

एका शुक्रवारी म्हणाला, "जरा बाहेर फिरव ना." सुहासनं फोन खाडीकडे धरला. ओहोटी होती, होड्या चिखलात कलंडलेल्या. पलीकडून आवाज नाही, चेहरा हलत नाही. स्क्रीन अडकली समजून सुहासनं कट केला.

लगेच मेसेज. "अडकली नव्हती रे. बघत होतो."

*

बहिणीच्या लग्नाला त्याची रजा कॅन्सल. ईदलाही कॅन्सल. लग्नानंतर त्याची अम्मी गॅरेजवर आली, हातात बांगड्यांची पिशवी. मासे हो, काचेच्या नव्हेत! आमचा वाटा ती विसरत नाही.

"तुमची लिस्ट पुरी झाली काय रे?"

"नाय हो चाची. एक नंबर राहिलाय."

"मग करू नका."

"का?"

"मी ये म्हटलं की बोलतो, अम्मी, पुढच्या साली. त्या नंबरासाठी तरी येईल."



*

आणि हा गेल्या महिन्यातला. शुक्रवारच, पण नुसता फोन, व्हिडिओ नाही. सुहासनं स्पीकरवर टाकला.

"कंपनी काँट्रॅक्ट वाढवतेय. रजेचं काय खरं नाय," इम्त्या म्हणाला. "उद्या सही करेन बहुतेक. तुम्ही लिहून टाका. न्यूयॉर्कवाला एक नंबर. मी हरलो."

हे ऐकायला आम्ही इतकी वर्षं घसे फोडले! नाचायला हवं होतं ना? मला रडू आलं. सरळ सांगतो, त्यात लाज कसली! कॅलिफोर्निया घे, हवं तर दहाही नंबर तुझे घे, पण ये की बाबा! सुहास पाना हातात धरून शटरकडे बघत होता.

आबा टायरवरून उठले. "आण तो फोन."

"इम्त्या, हरलास म्हणतोस? मग रीत पुरी कर. हरलेल्यानं जिंकलेल्याच्या डोक्याला स्वतःच्या हातानं फेटा बांधायचा. त्याशिवाय हार धरत नाय."

सुहासनं माझ्याकडे बघितलं. शाहिराच्या पोटी जन्म घेऊन ही रीत तोही पहिल्यांदाच ऐकत होता.

इम्त्या कसाबसा हसला. "आबा, न्यूयॉर्कवाला काय गॅरेजात बसलाय?"

"त्याच्या बाजूनं भांडणारे दोघं बसलेत ना! डोकी हायत त्यांना. आत काय नसलं तरी फेटा बसेल."

पलीकडे लांब क्रेनचा भोंगा वाजला. मग काहीच नाही. फोन कट झाला समजून सुहास हात पुढे करणार, तर आबांनी त्याचा हात धरून ठेवला.

तेवढ्यात इम्त्याचा आवाज आला.

"आबा, दोन फेट्यांना कापड किती लागतं हो?"