बाबांच्या फियाटवर अक्षता

मंडळी, बाबांच्या जुन्या फियाटला भंगारातला सुपरचार्जर आज घरीच बसवला. इंजिनात जास्त हवा कोंबणारं हे यंत्र. त्याच्या तोंडावर एअर फिल्टर लावायचा राहिला होता, पण पूजेचा मुहूर्त टळत होता.

शेजारचे कानडी अण्णा म्हणाले, "स्वल्प थांबा सर, आधी फिल्टर."

"अण्णा, मुहूर्त थांबतो होय?" म्हणत मी इंजिन सुरू केलं आणि स्वस्तिवाचन आरंभलं. आईने उघड्या बॉनेटमध्ये मूठभर अक्षता वाहिल्या. यंत्राने त्या नैवेद्य समजून गिळल्या. कडकड आवाज झाला आणि बाबांचं इंजिन कायमचं गप्प झालं.

वाईट वाटायला हवं. अजून काहीच वाटत नाही.

आई गाडीतल्या फेरीसाठी नेसलेल्या साडीतच बसली आहे. "काय बिघडलं रे?" विचारते. काय सांगू तिला?