सरांनी जावेला बांधून दिलेलं घर

माझी धाकटी जाऊ आज माझ्या घरात राहते आणि मी तिच्या. हे कसं झालं ते गावात जो तो आपल्या परीनं सांगतो, आणि सगळ्यांच्या सांगण्यात मीच भली ठरते. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं. शाळेत मी गेले नाही. लेक पहिलीत गेला तेव्हा त्याच्या पुस्तकावर अक्षरं ओळखायला शिकले, मग खताच्या गोण्या वाचल्या, मग पेपर, मग हाताला लागेल ते. त्यामुळं लिहिण्यात चुका निघतील. पण त्या चुका बारक्या.

नेकनूरच्या पुढं आमचं गाव. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला खाली कारखान्यांकडं जातं. मीही कमरेचा काटा ढिला होईस्तोवर गेले. मग लेकाला अंबाजोगाईला नोकरी लागली, त्यानं गावात स्लॅबचं घर बांधलं आणि मी सुटले. धाकटी सुटली नाही. दीर वारले तरी ती लेकासुनेच्या मागं जातच राहिली. फडात नवराबायकोच्या जोडीला एक कोयता धरतात, एकट्या बाईला अर्धा. ती अर्धा कोयता झाली. आमचं अंगण एकच. माझ्या स्लॅबसमोर तिची पत्र्याची खोली, दार एवढं बुटकं की मान खाली घालून जावं लागायचं.

अशात एकदा दोघं जण मुंबईहून आली. एक ताई, त्या कलाकार, आणि एक सर, ते घरांचे नकाशे काढणारे आर्किटेक्ट. केरळात समुद्राकाठी दर दोन वर्षांनी मोठं प्रदर्शन भरतं, देशोदेशीचे कलाकार आणि आर्किटेक्ट तिथं आपलं काम मांडतात. त्यात ह्या दोघांची निवड झाली होती. त्यांना तिथं ऊसतोड्यांची कोपी उभी करायची होती. कोपी म्हणजे फडाजवळ आम्ही राहतो ती झोपडी. बांबूच्या चटया कमानीसारख्या वाकवायच्या, वरून ताडपत्री आणि उसाची वाळली पानं टाकायची. आत उभं राहता येत नाही. रांगत जायचं, बसून रांधायचं, आडवं होऊन झोपायचं.

सरांनी विचारलं, "मावशी, सगळ्यात चांगली कोण बांधतं?"

मी म्हटलं, "हिच्याइतकी कुणालाच जमत न्हाई. डोळे बांधा, तरी बांधील."

धाकटीनं अंगणात कोपी उभी केली. सर टेप घेऊन कमानीची उंची मोजत होते, ताई मोबाइलवर आमचा आवाज भरून घेत होत्या. धाकटी माझ्या कानाशी लागली.

"आक्का, ह्यांना घर न्हाई का?"

"हाय की मुंबईत. लिफ्टचं."

"मग कोपी कावून मोजायलेत?"

मला हसू आवरेना. ताईंना वाटलं, आम्ही आनंदानं हसतोय. त्यांनी तेही भरून घेतलं.

त्या साली कोपी बांधायला आम्हा दोघींना रेल्वेनं केरळात नेलं. धाकटी फडावर महिनाभर उशिरा गेली, मुकादमानं तिला त्याबद्दल जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. प्रदर्शनाची जागा म्हणजे जुनं मसाल्याचं गोदाम होतं, भिंतीला अजून मिरीचा वास. एका दालनात मिठाचा ढीग, एकात छताला उलट्या टांगलेल्या खुर्च्या, आणि मधल्या मोठ्या दालनात आमची कोपी. वरून दिव्याचा झोत. बाहेर पाटी होती. ताईंचं नाव, सरांचं नाव, आणि खाली बारीक अक्षरात 'ऊसतोड महिलांच्या सहकार्याने'. मी धाकटीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हंजे आपुन. चांगलंय."

उद्घाटनाला चांगली कापडं घातलेली माणसं रांगेनं आली. एकेक जण गुडघ्यावर येऊन कोपीत शिरायचा आणि फोटो काढून बाहेर यायचा. एक बाई डोळे पुसत बाहेर आल्या. ताईंचे दोन्ही हात धरून काहीतरी बोलल्या आणि मग कॉफी कुठं मिळते ते विचारलं.

धाकटी म्हणाली, "आत कुणी कांदा चिरलाय का?"

निघायच्या आदल्या दिवशी सरांनी आम्हाला समोर बसवलं आणि धाकटीकडं बघून म्हणाले, "मावशी, तुम्ही आम्हाला घर दिलंत. आता मी तुम्हाला घर बांधून देणार. तुमच्या जागेवर, तुम्हाला हवं तसं. सांगा, कसं हवं?"

धाकटी खाली बघून म्हणाली, "तुमी म्हणाल तसं."

आमच्यात हे असंच असतं. मोठ्या माणसापुढं आपली मागणी तोंडानं करायची नाही, आणि थोरली जाऊ बसलेली असताना धाकटीनं बोलायचं नाही. तिचं म्हणणं थोरली सांगते. सर चहा आणायला उठले तेवढ्यात तिनं माझा पदर ओढला.

"आक्का, सांगा त्यांना. मला फकस्त दार उंच पायजे. डोक्यावर हंडा घेऊन सरळ आत जाता यावं. जल्मभर वाकूनच चाललंय. बाकी कसं बी बांधू द्या."

मी म्हटलं, "सांगते."

रात्री जेवणाच्या वेळी सर माझ्याजवळ येऊन बसले. ताई मोबाइल धरून होत्या. सरांनी विचारलं, "मावशी, त्या स्वतः बोलत नाहीत. तुम्ही सांगा. त्यांना सगळ्यात आपलं कुठं वाटतं?"

आता खरं लिहायचं ठरवलंय तर लिहिते. मला तेव्हा मत्सर वाटला. माझं स्लॅबचं घर लेकानं गवंड्याकडून बांधलेलं, जिना अर्धवट, भिंतीला ओल. आणि हिला मुंबईचा आर्किटेक्ट बांधून देणार. अंगणात तिचं दार माझ्या दारापेक्षा उंच दिसणार. आणि त्यात मोबाइल समोर, सगळ्यांचे कान माझ्याकडं. मी म्हणाले, "तिला कोपीच आवडती. पक्क्या घरात तिला झोपच लागत न्हाई. आमी जल्मलोच कोपीसाठी म्हणा ना."

सरांची मान अशी डोलली की मला वाटलं, किती शहाणं बोलले मी. त्यांनी वहीत लिहून घेतलं. दाराचं मी बोलले नाही. उद्या सांगू म्हटलं, आणि उद्या रेल्वेत बसलो.

पुढच्या साली दिवाळीनंतर धाकटी लेकासुनेबरोबर फडावर गेली. जाताना खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. "आक्का, सर येतील. तुमी हायतच. बघून घ्या."

सर आले. पत्र्याची खोली पाडली. ट्रकभर बांबू आला, आसामकडचे कारागीर आले. मी रोज चहा करून द्यायची, ते माझे फोटो काढायचे. चौथरा पक्का सिमेंटचा झाला. मग त्यावर बांबूच्या कमानी वाकायला लागल्या. कमानी वाकल्या त्याच दिवशी मला कळलं काय उभं राहतंय. माझा लेक सुटीला आला होता, तो बघून म्हणाला, "आई, ही तर कोपी हाय. एवढ्या मोठ्या साहेबानं कोपी बांधली?"

मी म्हटलं, "त्यांना कळतं तुझ्यापेक्षा."

अजून कमानी दोरीनं बांधायच्या होत्या. तेव्हा बोलले असते तर बदलता आल्या असत्या. मी त्या दिवशी चहात आलं जास्त घातलं, एवढंच केलं.

पाडव्याच्या सुमारास टोळी परत आली. ट्रॅक्टर आमच्या अंगणाशी थांबला. धाकटी गाठोडं काखेत घेऊन उतरली आणि उभीच राहिली. समोर तिचं घर. गोल पाठीचं, बांबूचं, लाकडाला चकाकी दिलेली, आणि दार कमरेएवढं.

ट्रॅक्टरवरून कुणीतरी म्हणालं, "चला, इथं बी फड लागला. कोपी तयारच हाय." सगळे हसले. थकलेली माणसं होती, त्यांना हसायला काहीही पुरतं. एक जण म्हणाला, "काकू, उद्यापासून तोड कुठल्या गटात?"

धाकटी माझ्याकडं वळली. "आक्का, माझी खोली कुठंय?"

"पाडली."

"पत्रे?"

"सर घेऊन गेले. पुढच्या प्रदर्शनात लावणार हायेत."

तिनं विचारलं, "दाराचं सांगितलं होतं ना तुमी?"

मी म्हटलं, "सांगितलं होतं गं. त्यांच्या डोक्यात काय आलं, देव जाणे."

तिनं त्यावर विश्वास ठेवला. गाठोडं पुढं ढकलून रांगत आत गेली.

आठवड्यानं सर आणि ताई पाहुणे घेऊन आले. नारळ फोडला, धाकटीला नवी साडी दिली. ती वाकून दारातून शिरली तसे दहाबारा जणांनी फोटो काढले. एकानं तिला बाहेर बोलावून पुन्हा शिरायला लावलं, उजेड नीट नव्हता म्हणून. सर पाहुण्यांना सांगत होते की ह्या घराला नम्रता आहे. पेपरात आलं. त्यात धाकटीचा फोटो होता, पाठीकडून.

खरा घाव पुढं बसला. धाकटीचं नाव सरकारी घरकुलाच्या यादीत होतं. कैक वर्षांनी यादी वर सरकली आणि ग्रामसेवक जागा बघायला आले. मोबाइलवर घराचा फोटो घेतला आणि म्हणाले, "मावशी, तुम्हाला कसं देणार? तुमचं घर तर पेपरात आलंय."

धाकटी पहिल्यांदाच थोरलीच्या देखत बोलली. "भाऊ, ते घर न्हाई. वाकून जावं लागतंय त्यात."

ग्रामसेवकांनी फॉर्म उलटा-सुलटा बघितला. "वाकून जावं लागतं असा रकाना ह्यात न्हाई. चौथरा पक्का, छप्पर हाय, बांधणारा आर्किटेक्ट. मी काय लिहू?" पोरगं चांगलं होतं, त्याला वाईट वाटलं. पण नाव त्यानं काटलं.

धाकटीच्या सुनेनं तिथल्या तिथं सासूला ऐकवलं, "लई शिकल्याला माणूस आणला होतात. आता बसा रांगत." आणि ती नवऱ्याला घेऊन गावातच भाड्याच्या खोलीत गेली. कोपीच्या दारातून तिला आपल्या तान्ह्याला काखेत घेऊन जाता येत नव्हतं. धाकटी एकटी उरली.

ती माझ्याकडं आली. "आक्का, सरांना फोन लावा. म्हणावं, दार तेवढं उंच करून द्या. चुकी झाली असंल त्यांची."

लेक घरी होता. त्यानं फोन लावला आणि आवाज मोठा करून मधे ठेवला. सर लई गोड बोलले. दार वाढवलं तर कमानीचा जोर जाईल म्हणाले, आणि घराची फिल्म पुढच्या प्रदर्शनात लागायची आहे, तोवर काही बदलू नका. मग म्हणाले, "आणि चूक कशी? तुमच्या थोरल्या मावशींनी सांगितलं तसंच बांधलंय. त्यांच्याच आवाजानं फिल्म सुरू होते. थांबा, पाठवतो."

मी लेकाला म्हटलं, "नको लावू, नेट खपंल." त्यानं तोवर लावलं होतं.

पडद्यावर आधी समुद्र आला, मग बांबू आला आणि त्यावर माझा आवाज. 'तिला कोपीच आवडती. पक्क्या घरात तिला झोपच लागत न्हाई.' खाली इंग्रजीत अक्षरं उमटत होती. मग माझं हसू. ते बोलल्यावर मी हसले होते हे मला आठवतही नव्हतं.

धाकटीनं फिल्म शेवटपर्यंत बघितली. मग लेकाला म्हणाली, "पुन्हा लाव." पुन्हा बघितली. भांडली असती तर बरं झालं असतं. केस धरले असते तरी चाललं असतं.

ती उठली, अंगण ओलांडून गेली आणि आपलं अंथरूण काखेत घेऊन परत आली. भर दुपार होती. माझ्या घराच्या मधल्या खोलीत, पंख्याखाली, माझी जागा आहे. माझं अंथरूण तिनं नीट गुंडाळून दारात ठेवलं आणि आपलं पसरलं.

"बघते," म्हणाली. "पक्क्या घरात झोप लागती का."

आणि भिंतीकडं तोंड करून आडवी झाली.

लेक माझ्याकडं बघत होता. माझी सून चुलीपुढून म्हणाली, "आत्या, जावा-जावांचं तुमचं तुमी बघा." मी दोघांनाही पुढं काही बोलू दिलं नाही. अंथरूण उचललं आणि समोर गेले. सत्तरीचे गुडघे. दारात आधी अंथरूण ढकललं, मग हात टेकले, मग मी.

तेव्हापासून इथंच आहे. आता घर बघायला कॉलेजची पोरं येतात. घर माझंच समजतात, मला वाकून बाहेर यायला सांगतात, फोटो घेतात. आत हवा खेळती राहते असं सर म्हणाले होते, ते खोटं नव्हतं. उभं राहता येत नाही एवढंच. लुगडं नेसायचं तर पहाटे बाहेर, आडोशाला.

धाकटी रोज भाकरी आणून देते. दारात ठेवते आणि जाते. वाईट बोलत नाही. परवा मीच विचारलं, "धाकटे, किती दिस ठेवणार मला इथं? गुडघे गेले माझे."

ती माझ्या ओट्यावर तूर निवडत होती. सुपातला खडा तिनं काढून टाकला.

"तुमी घरकुलाचा अर्ज करा, आक्का," ती म्हणाली. "यादी निघती कवा ना कवा."

अर्ज मी काल भरून दिलाय.