पहिला आकडा झाकणारा

होळीच्या आदल्या रविवारी करंजा गावच्या, मासेमारीची जाळी विणणाऱ्या मावशीवर अन्याय झाला, तोही आम्हा कार्यकर्त्यांच्याच मोफत नेत्रशिबिरात. डोळ्यांमधलं अंतर न मोजताच आम्ही नुसत्या नंबरावर तयार चष्मा दिला. तिला एका सुईच्या दोन दिसू लागल्या.

पनवेलच्या चष्मेवाल्याकडे तिला घेऊन गेलो. "काय नेते, पत्रकं वाटावीत तसे चष्मे वाटलेत!" तो म्हणाला. मग श्वास रोखून त्याने तिच्या नाकावर मोजपट्टी टेकवली. "माझ्या डाव्या डोळ्यात बघा मावशी, लाजू नका." पहिल्या मोजणीचा भुलवू नये म्हणून लिहिलेला आकडा तळहाताखाली झाकून तो पुन्हा मोजतो, प्रत्येकाचं.

नवा चष्मा लावून मावशी म्हणाली, "सुई एकच हाय रं!"

मी त्याचा ऋणी आहे. तुम्ही मात्र अंतर मोजल्याशिवाय दुकानातून उठू नका.